धोट्याचं भोक

गिरण्यांच्या संपाला सतरा वर्षं होऊन गेली होती. काळाचौकीच्या नाक्यावर ज्या गाळ्यात गंगाधर पूर्वी ब्रशनं पाट्या रंगवायचा, तिथंच आता तो कॉम्प्युटरवर रेडियमची अक्षरं कापून द्यायचा.

मीराबाईंनी त्याच्याकडे एक जुना कागद दिला होता. संपात गिरणी सुटली तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, सीतारामनं, घरात शिवणाचं मशीन आणलं आणि शाईनं हे चित्र काढलं: मागावर आडवा दोरा नेणारा काळा धोटा, आणि पुढं ‘मीराबाई शिवणकाम’. सीताराम जाऊन चार वर्षं झाली. आता चाळीखाली दुकानाची जागा मिळाली होती, आणि तिच्या काचेवर मीराबाईंना हेच चित्र हवं होतं.

“या मावशी, बघा कसा चकाचक केलाय.”

मीराबाईंनी चष्मा पुसून पडद्याकडं पाहिलं. “हे काय, होडी काढलीस?”

“धोटाच आहे की! मशीननं आपोआप कडा काढल्या, तर नुसती करवत झाली. मग मी माऊसनं सगळी रेघ नव्यानं मारली. आता ब्लेड लोण्यातून गेल्यासारखं जाईल.”

“रेघ छान आहे. भोक कुठाय?”

“कसलं भोक?”

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. काळ्या शाईत, टोकाजवळ, मोहरीएवढा पांढरा ठिपका सोडलेला होता.

“ते होय? मला वाटलं, शाई उडालीय. भरून टाकलं.”

“मग परत उघड.”

“मावशी, एवढ्याशा भोकाला रेडियम टिकत नाही, कडा फाटते. आणि लोक कपडे शिवायला येणार, की भोकं मोजायला?”

मीराबाई स्टुलावर बसल्या. “तुझे वडील विणाई खात्यात होते ना?”

“बत्तीस वर्षं.”

“धोट्यातली सुताची कांडी बदलली की त्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यावा लागायचा. एकाच धोट्याला पाळीपाळीनं सगळ्यांची तोंडं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीचे तोंडाला लावणार नव्हते, म्हणून माझ्या सासऱ्यांना जन्मभर कताईतच ठेवलं. आमचे हे घरातले पहिले विणाईत गेले. पहिल्या दिवशी ओठाला चिकटलेला कापूस न पुसता घरी आले, सासऱ्यांना दाखवायला.”

गंगाधर माऊसवरचा हात काढून बसला. “बाबांनी हे कधी सांगितलं नाही.”

“ते कशाला सांगतील?”

त्यानं टोकाजवळ चार बिंदू ठेवून गोल काढला, मापं लावून पाहिली.

“भोक टिकायला हवं, तर धोटा दीडपट करावा लागेल. काच तेवढीच. नाव निम्मं होईल, समोरच्या फुटपाथवरून वाचता नाही यायचं.”

“होऊ दे. नाव साऱ्या चाळीला तोंडपाठ आहे.”

मशीन करकरत फिरलं. गंगाधरनं चिमट्यानं मधली बारीक टिकली हळूच उचलली. कडा फाटली नाही. मीराबाईंनी वाकून पाहिलं. भोकातून खालचा पांढरा कागद दिसत होता.

“हं. गुंडाळ आता. उद्या अकराला ये लावायला, मी काच पुसून ठेवते.”