सरळखान्यातलं डोकं

चष्म्याची फ्रेम कापून, घासून, बिजागऱ्या बसवून झाली की शेवटी आमच्याकडे यायची. आमच्या विभागाला सगळे सरळखाना म्हणत. कानावर बसणारी काडी गरम वाळूत धरायची, मऊ झाली की वाकवायची आणि फ्रेम समोरच्या लाकडी डोक्यावर चढवायची. समोरून बघायचं. दोन्ही बाजू एका रेषेत दिसल्या की फ्रेम डबीत. नाही दिसल्या तर परत वाळूत. डोक्यानं हो म्हटलं की वर कोणाला विचारायचं नाही, असा आमचा नियम होता.

ते डोकं माझ्या नवऱ्यानं केलेलं.

तेव्हा कंपनी नव्हतीच. मालकांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली. बाहेरून आणलेल्या फ्रेम महिन्याभरात तुटायच्या, गिऱ्हाईक येऊन भांडायचं. एक दिवस मालक चिडून म्हणाले, "लोकांच्या शिव्या खायच्याच आहेत, तर निदान स्वतःच्या मालाच्या खाऊ." तिथून त्या खोलीत फ्रेम कापायला सुरुवात झाली. आमचे हे सुतार. दुकानाच्या फळ्या ठोकायला आले होते, ते राहूनच गेले. मालकांनी त्यांना फ्रेम चढवून बघायला एक डोकं करायला सांगितलं. ह्यांनी विचारलं, "कोणाचं करू?"

"कोणाचंही कर. डोकं ते डोकं."

ह्यांनी समोर आरसा ठेवला आणि स्वतःचंच कोरलं. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या जगात तुम्हाला दुसरं डोकं मिळालं नाही?" तर म्हणाले, "हेच एक फुकट होतं."

त्या खोलीचा कारखाना झाला. एका दुकानाची सात झाली, सातांची सत्तर. मग समुद्रापलीकडे दुकानं निघाली, तिकडेच दोन कारखाने उभे राहिले. प्रत्येक नव्या कारखान्यात सरळखाना असायचाच, आणि त्याच्यासाठी आमच्या डोक्याचा साचा घेऊन तसंच्या तसं डोकं ओतून पाठवायचे. शेवटच्या मोजणीला कंपनी सत्तावीस देशांत होती. हे मिशीतल्या मिशीत हसून सांगायचे, "मी सत्तावीस देशांतल्या लोकांच्या नाकावर बसलोय, आणि पासपोर्ट अजून काढला नाही."

हे जाऊन सहा वर्षं झाली. मालक त्यांच्याही आधी गेले. आता कंपनी मालकांची मुलगी बघते. तिला सगळे ताई म्हणतात. ती पाळण्यात असल्यापासून मी तिला बघितलंय, पण चारचौघांत मीही ताई आणि अहोजाहोच करते. हे डोकं मात्र होतं तिथेच, माझ्या मुख्य टेबलावर; बाकीच्या टेबलांवर त्याच्याच साच्यातली डोकी होती. हात लागून लागून लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं.

त्या सोमवारी ताई सरळखान्यात आली ती मोठं खोकं घेऊन. आम्ही एक्केचाळीस जणी. सगळ्यांचे हात थांबले.

"गेल्या वर्षापासून आपण घरपोच चष्मे पाठवतोय," ती म्हणाली. "लोक फोनवर फ्रेम निवडतात, चष्मा खोक्यातून थेट घरी जातो. त्यातले हजारो परत आलेत. सगळ्यांचं म्हणणं एकच. चष्मा तिरका बसतो."

मग आमच्यातली तोफ बोलली. ती बोलली की भिंत हलते, म्हणून तिचं नाव तोफ. "लोकांची तोंडं तिरकी असतील."

दोघी-तिघी हसल्या. ताईही हसली असती, पण तिचा चेहरा थकलेला होता. "सत्तावीस देशांतली?" ती म्हणाली. "कंपनीत पैसा घातलेल्या वरच्या मंडळींचं म्हणणं आहे की हातकाम आता पुरे. वाकवायचं यंत्र आणायचं आणि तिन्हीकडचे सरळखाने बंद करायचे. मी शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. चूक कुठे होते ते मला दाखवा. नाही दाखवता आली, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ती गेली. एक्केचाळीस जणींनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांत जुनी मी. त्यातल्या निम्म्या जणींना वाळूत काडी किती वेळ धरायची ते मी शिकवलेलं.

आम्ही खोकं उघडलं. पहिली फ्रेम डोक्यावर चढवली. सरळ. दुसरी सरळ. वीस चढवल्या, वीसही सरळ, आमच्या हातचं काम असल्यासारख्या नीट.

"बघा!" तोफ म्हणाली. "डोकं खोटं बोलतं का? लोकच खोटारडे."

मी एक फ्रेम स्वतःच्या डोळ्यांवर चढवली आणि हात धुवायच्या जागी आरसा होता तिथे गेले. डावी बाजू खाली. वाटलं, माझाच चेहरा म्हातारपणी एका बाजूला उतरला असेल. मी तोफेला हाक मारली. तिलाही डावी बाजू खाली. मग एकेकीला उभं केलं. लांब चेहऱ्याची, गोल चेहऱ्याची, चपट्या नाकाची. कोणाला जास्त, कोणाला कमी, दोघी-तिघींना बरोबरही बसली. पण जिला तिरकी बसली, तिला डावीकडेच.

बाकीच्या कुरकुरत जेवायला गेल्या. मी बसून राहिले. हातकाम चुकलं तर दहा तऱ्हेनं चुकतं. एकीची डावी काडी उतरेल, एकीची उजवी चढेल. एक्केचाळीस बायकांचं एका भाजीच्या मिठावर एकमत होत नाही, मग एकाच बाजूला चुकण्यावर कसं होईल? समुद्रापलीकडच्या बायकांना तर आम्ही कधी बघितलंही नाही.

तिन्ही ठिकाणी सारखं असं एकच होतं.

मी दोन्ही हातांनी डोक्याचे कान धरले. रोज फ्रेम चढवताना बोटं तिथे लागतच होती, पण कान म्हणून कधी चाचपले नव्हते. मग भुवयांच्या रेषेवर दोरा ताणला आणि दोन्हीकडे कानापर्यंतचं अंतर बोटानं मोजलं. डावा कान अर्ध्या बोटानं वर होता.

आणि मला आमच्या लग्नाचा फोटोवाला आठवला. तो सारखा येऊन ह्यांची हनुवटी ढकलत होता. "मान सरळ करा, मान सरळ करा." शेवटी हे म्हणाले, "मान सरळच आहे हो, कान वाकडे आहेत. आईनं घाईत लावले." सगळं घर हसलं होतं. मीही हसले होते, नवी नवरी असून. एवढी वर्षं त्या माणसाबरोबर काढली, त्याच्या कानाला धरून किती वेळा भांडले, आणि त्यानं आरशात बघून जसा होता तसाच कोरलाय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, यंत्र आलं तर आलं. बायकांना कुठेतरी काम मिळेल. पण मी ही गोष्ट बोलून दाखवली तर ज्या माणसानं आयुष्यभर एक फळी तिरकी ठोकली नाही, त्यानंच पहिल्या दिवसापासून सगळा माल वाकडा केला, असं होईल. त्याला आता उलटून बोलायलाही तोंड नाही.

गुरुवारी सकाळी तोफ शेजारी येऊन बसली. आवाज इतका खाली की मी दचकलेच. "मावशी, आमच्या ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सहा महिने घरी आहेत. मी दुसरीकडे कुठे जाऊ? मला ह्या वाळूशिवाय काय येतं?"

मी उठले. डोकं पदराखाली घेतलं आणि ताईच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"काकू, हे काय?" एकटी असली की ती मला काकूच म्हणते.

"कान बघ."

तिनं बघितलं. तिला काही दिसलं नाही. मी दोरा लावून दाखवला. ती बराच वेळ डोक्यासमोर वाकून उभी राहिली. मग एकदम सरळ झाली. "पण मग चाळीस वर्षं कोणाला कळलं कसं नाही?"

ते मलाही कळत नव्हतं. तिनं पहिल्या दुकानातल्या काकांना फोन लावला. तिच्या वडिलांच्या वेळेपासून तेच गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर चष्मा बसवून देतात. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि विचारलं.

"हो, मग?" काका म्हणाले. "चष्मा देताना डावी काडी जरा खाली दाबायची असतेच की. प्रत्येकाची. मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी तेच शिकवतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मला वाटलं, आपल्या कंपनीची तशी पद्धतच आहे."

खोक्यातून थेट घरी जाणाऱ्या चष्म्याची काडी दाबायला मधे कोणी नव्हतंच. ताईनं फोन ठेवला आणि ती खुर्चीत बसून इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मला हसू येईना. मी म्हटलं, "ह्यांचं नाव घेऊ नकोस. साचा चुकला म्हणून सांग."

तिचं हसणं थांबलं. "काकू, आपल्या सुतारकाकांनी कान जसे होते तसे कोरले. सरळ कान हवेत, हे बाबांनी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, डोकं ते डोकं. मी वर जाऊन हेच सांगणार आहे."

शुक्रवारी तिनं तसंच सांगितलं म्हणे. यंत्र पुढे ढकललं. आम्हाला पंधरा दिवस दिले. डोक्याऐवजी प्रत्येक टेबलावर जाड काचेची सपाट लादी आली. फ्रेम लादीवर उपडी ठेवायची, चारही टोकं काचेला टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर टकटक वाजतं, लपवता येत नाही. पलीकडची डोकी फोडली असतील. मी विचारलं नाही. आमचं ताईच्या खोलीत आहे. घरी न्या म्हणाली होती. मी म्हटलं, ते कारखान्याचं आहे.

बायकांचे हात दोन दिवसांत वळले. तोफेचा तर पहिल्याच दुपारी. पंधरा दिवसांनी वरची मंडळी येऊन काचा वाजवून गेली आणि सरळखाना राहिला.

माझा हात तेवढा वळला नाही. काडी वाळूतून काढली की बोटं आपोआप डावी वर उचलतात. मेंदू नको म्हणतो, तोवर झालेलं असतं. पहिल्या आठवड्यात माझ्या निम्म्या फ्रेम परत आल्या. ताई हळूच म्हणाली, "काकू, आता घरी आराम करा की. मानानं निरोप देऊ." मी म्हटलं, मला हार नको, काच दे. मुख्य टेबल तोफेला दिलं आणि मी तिच्या शेजारी बसले.

ती माझी प्रत्येक फ्रेम काचेवर टाकून बघते.

"मावशी, परत डावी."

"हळू बोल की, सगळा कारखाना ऐकतो."

"मग नीट वाकवा."

मी फ्रेम परत घेते आणि काडी वाळूत धरते.