इंजिनाचा शेंदूर

सहादेव मिस्त्री देवभोळा असता तर मला काही वाटलं नसतं. पण हा माणूस भिंगारच्या मिलिटरी वर्कशॉपात माझ्या शेजारच्या बाकावर फिटर होता, आणि खंडेनवमीला आम्ही पान्यांची पूजा मांडली की म्हणायचा, "कुंकू लावून नट सुटत असता, तर सरकारनं आपल्याला कशाला पोसलं असतं?" अशा माणसाच्या गाडीचं बॉनेट मी उघडलं, तर इंजिनाच्या डाव्या अंगाला वेशीवरच्या मारुतीला असतो तसा शेंदूर. थरावर थर. मी हात जोडायचेच बाकी होते.

"वहिनी, हा उद्योग कुणाचा?"

"त्यांचाच," सत्यशीलावहिनी म्हणाल्या. "दर दसऱ्याला गाडी सुरू करायचे आन् शेंदूर लावायचे. मी म्हनलं, म्हातारपनी का व्हईना, देव आठवला."

सहादेवला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकलं आणि चारच दिवसांत वहिनींचा काष्टीहून फोन आला, "भाऊजी, गाडीचं इंजिन बदलायचं हाय. कवा येता?" येता का, असं नाही. कवा येता. मी चिडका माणूस आहे, हे सगळ्या भिंगारला ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर मी गॅरेज टाकलं ते घरात शांतता नांदावी म्हणून, असं आमची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मला हुकूम चालत नाही. तरी गेलो, कारण ती गाडी उभी राहताना मी डोळ्यांनी पाहिली होती.

मिलिटरीनं लिलावात काढलेली जुनी ॲम्ब्युलन्स ती. सहादेवनं ती घेतली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्यानं स्ट्रेचर ठेवायच्या जागी दोन माणसांची बाज बसवली, मागच्या दाराशी गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी, भांडी पडू नयेत म्हणून फळीला कठडा. खिडक्यांना वहिनींच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. पुढच्या दोन सीटच्या मधे इंजिनाचं झाकण वर येतं, त्यावर मिसळणाचा डबा आणि दोन देव बसतील अशी लाकडी चौकट. गाव त्याला 'सहादेवचा बंगला' म्हणायचं. रिटायर झालो की वर्षातले दोन महिने ह्या बंगल्यात राहायचं, आज इथं तर उद्या तिथं, असं त्यानं वहिनींना कबूल केलं होतं.

गाडी गेली ती एकदाच. नंतर बाराएक वर्षं शेतातल्या घरापुढं उभी. मीही त्याला कधीतरी विचारलं होतं. "गाडी चालू हाय रे, मला कंटाळा आला," एवढंच म्हणाला.

पहिल्या दिवशी वहिनींनी चहा आणला. मला दुधाचा, स्वतःला कोरा. त्यांचा कोरा चहा आमच्या सगळ्यांच्या माहितीचा. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून सुटलेली गाय कोवळ्या ज्वारीत शिरली आणि फुगून मेली. तेव्हापासून त्यांनी दूध तोंडाला लावलेलं नाही. सहादेव म्हणायचा, "आमच्या हिला कुनी शिक्षा द्यायची गरज न्हाई. हिचं कोर्ट घरचंच."

"इंजिन तर दसऱ्याला सुरू व्हायचं म्हणता," मी म्हणालो. "मग आता काय झालं?"

उत्तर राजनंदिनीनं दिलं. ही त्यांची मुलगी, डेअरीची पिकअप चालवते. "काका, मागच्या महिन्यात मी काढली. बाजारतळापर्यंतसुद्धा गेली नाही. नुसती वाफ."

"मला जायचं हाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याबिगर जायचं हाय. बघते म्हनलं आता कोन आडवतं."

त्यात आनंद नव्हता, राग होता. मी चहा फुंकत राहिलो, तसा तो राग आपणच बोलायला लागला.

"एकच खेप झाली भाऊजी. माझ्या माहेराला, पाथर्डीकडं, वाटंत एक मुक्काम करून. आयन उन्हाळा. करंजीच्या घाटात पंख्याचा पट्टा तुटला. ह्ये एका जीपमधी बसून पट्टा बघाया गेले, मी एकटी गाडीपाशी. नुसती फुसफुसत हुती, लाल झाल्ती. आमच्याकडं कसं, दारात कुत्रं जरी धापा टाकत आलं तरी आधी पानी. मला बघवना. बारदान गुंडाळून माठ घेतला हुता संगं, त्यातलं गार पानी वतलं तिच्यावर. सगळा माठ. तवा कुठं गप झाली."

"मग?"

"मग ह्ये आले उन्हातनं चालत. पट्टा न्हाईच घावला. बॉनेट उघडून लई येळ वाकून बघत बसले. बघताना माझ्याशी एक शबुद न्हाई. बॉनेट लावलं आन् म्हनाले, क्लच गेला, चला घरी. ट्रकला टोचन लावून गाडी आणली. पुढं क्लच नीट केला म्हनाले, पर गाडी काय काढली न्हाई. दसऱ्याला सुरू करायची, शेंदूर लावायचा, बंद करायची. मी इचारलं की कंटाळा आला म्हनायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "गाडीचा न्हवं, भाऊजी. माझा. एवढ्याशा खोलीत एका बाईसंगं दोन दिस काढले आन् मन भरलं त्यांचं."

माठातल्या पाण्याचं ऐकून माझ्या मनात चुकचुकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ब्लॉक फुटलेलं इंजिन बारा वर्षं दसऱ्याला सुरू होत नसतं, असं म्हणून मी तो विचार झटकला. क्लचचं मात्र खरं वाटलं नाही. सहादेवच्या हातचा क्लच घाटात जाणं अवघडच.

त्याच जातीचं इंजिन मी नगरच्या एका भंगारवाल्याकडून हुडकलं, गॅरेजात खोलून पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, आणि ते टेम्पोत घालून पुन्हा काष्टीला आलो. रेडिएटर काढला, पुढची जाळी काढली. गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट केबिनमधूनच निघतात, म्हणून मिसळणाची चौकट हलवावी लागली. ती वहिनींनी स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही. इंजिन उचलायला क्रेन कुठून आणायची? शेजारचा बिभीषण विहिरी खोदतो, त्याची दगड उपसायची यारी होती.

"बिभीषणा, हे इंजिन हाय," मी ओरडलो. "विहिरीतला धोंडा न्हाई."

"धोंडाच बरा, काका," तो म्हणाला. "तो वरडत न्हाई."

साखळी ताणली. इंजिन हललं, वर आलं, आणि बाहेर येता येता डावं अंग चेसीला घासलं. शेंदराचा एक तुकडा खाली पडला. मी सहज वाकून पाहिलं. आत लोखंड नव्हतं, राखाडी लेप होता, टाकीचं भोक बुजवायला लावतात तसला. लेप जिथं संपला होता तिथून बारीक काळी रेघ खाली गेली होती.

मला सगळं कळलं. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की ते असंच तडकतं. सहादेवनं घाटात वाकून हेच पाहिलं होतं. मग घरी लेप भरला आणि लेप दिसू नये म्हणून देव केला. लेपावर इंजिन चार मिनिटं चालायचं, तेवढ्यात बंद करायचं. घाट सोडा, बाजारतळ गाठायची ताकद त्यात नव्हती. नवं इंजिन बसवायचं तर जुनं बाहेर काढावं लागलं असतं, कुणीतरी मेकॅनिक आला असता आणि माझ्यासारख्या शहाण्यानं पहिला प्रश्न तोच विचारला असता: पाणी कुणी ओतलं? वहिनींनी मग दुधासारखं काय काय सोडलं असतं, देव जाणे.

त्या वेळी मला वाटलं, काय माणूस होता! आणि ठरवलं, झाकलेलं झाकलेलंच राहू द्यायचं.

"बिभीषणा, थेट टेम्पोत ठेव ते. भंगारात जायचंय."

"थांबा!" वहिनी घरातून बाहेर आल्या, हातात नारळ आणि तेलाची वाटी. "शेंदूर उतरवल्याबिगर कुठं नेता? एवढी वर्सं पुजल्याला. तो काय भंगारात घालायचा?"

"वहिनी, इंजिन हाय ते. देव न्हाई."

"तुमाला न्हाई. मला हाय."

आमच्याकडे देवाच्या अंगावरचा शेंदूर उतरला तर तो पाण्यात सोडतात, उकिरड्यावर टाकत नाहीत. इंजिन लिंबाखाली टायरवर टेकवलं. वहिनींनी नारळ फोडला, कडांना तेल सोडलं आणि उलथन्यानं हलक्या हातानं शेंदूर सुटा करू लागल्या. मी म्हणालो, द्या मी करतो. त्यांनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं सगळं कवच एकदमच निघून त्यांच्या पदरात आलं, आणि लेपाचा पापुद्राही त्याच्याबरोबर गेला.

भेग वीतभर होती. वहिनींनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हे काय, भाऊजी?"

"जुनं लोखंड हाय वहिनी. वय झालं की व्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भेगेकडे. मग गाडीच्या उघड्या नाकाडाकडे. आपण त्या दिवशी कुठं उभ्या होतो, माठ कुठल्या बाजूनं कलता केला, हे त्या मनात जुळवत होत्या आणि मला ते दिसत होतं.

"ह्याच अंगाला वतलं हुतं मी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, गार पान्यानं इंजिन फुटतं का?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. पण मला एकदम सहादेवचाच राग आला. मरून गेला आणि हे काम माझ्या गळ्यात टाकून गेला.

"फुटतं," मी म्हणालो. "तापलेल्या इंजिनावर थेंब पडू द्यायचा नसतो."

राजनंदिनी पुढं झाली, "आई, तुला काय माहीत होतं त्यात..." वहिनींनी हात वर करून तिला थांबवलं. त्या लिंबाच्या पारावर बसल्या. पदरात शेंदराचं कवच तसंच. आता ही बाई गाडीत पाऊल ठेवत नाही, नवं इंजिन परत न्यावं लागणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"म्हंजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "माझा कंटाळा न्हवता आला त्यांना."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. पण ते क्षणभरच. मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता जी शिवी त्यांनी सहादेवला हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही. बिभीषण यारी सोडून लांब जाऊन उभा राहिला.

"मग सांगाया काय झालं हुतं? मी चार दिस उपाशी ऱ्हायले आसते, रडले आसते, सोडलं आसतं कायतरी. पाचव्या दिशी उठले आसते की! बारा वर्सं, भाऊजी. बारा वर्सं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ताट वाढलं, बाजूला झाले. दवाखान्यात शेवटी हात धराया आले तर मी हात काढून घेतला." त्यांनी डोळे पुसले. "चूक माझी झाकली, आन् शिक्षा दोघांनी खाल्ली."

मगाशी मनात म्हटलं होतं, काय माणूस होता! आता काही म्हणावंसं वाटेना. लपवलं ते मायेनंच, पण त्या मायेनं घरात काय केलं हे त्यानं पाहिलंच असणार. रोज पाहिलं असणार. आणि एकदा गप्प बसल्यावर तोंड उघडणं दर वर्षी जास्तच अवघड होत गेलं असणार. आम्ही वर्कशॉपातले लोक, गळती दिसली की लेप लावतो आणि पुढचं पुढं म्हणतो. मीही घरी तेच करतो.

शेंदूर त्यांनी संध्याकाळी विहिरीत सोडला. दुसऱ्या दिवशी नवं इंजिन बसलं, पहिल्या झटक्याला सुरू झालं. वहिनींनी त्याला कुंकवाचं एकच बोट लावलं. "ह्याला शेंदूर न्हाई," म्हणाल्या. "ह्याचं सगळं उघडं दिसलं पायजे."

पहिली खेप पाथर्डीकडेच. राजनंदिनी चालवायला, वहिनी शेजारी, आणि मी मागं बाजेवर, इंजिनाची जबाबदारी माझी म्हणून. करंजीच्या घाटात अर्ध्यावर तापमानाचा काटा चढायला लागला. नव्या घट्ट रिंगा, भर दुपार, व्हायचंच. "गाडी घे बाजूला," मी म्हणालो. "निवू दे."

वहिनी उतरल्या आणि मागं येऊन बारदानातला माठ खाली घेतला. मी बाजेवरून उठलोच. राजनंदिनी तर ओरडलीच, "आई!"

"ठाव हाय मला," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग लेकीला, मग स्वतः प्यायल्या. मग पुन्हा ग्लास काठोकाठ भरला आणि रस्त्याच्या कठड्यावर नेऊन ठेवला. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी ह्ये इथवर चालत आले," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या माठाकडं गेले. माठ रिकामा. सगळं पानी मी इंजिनाला दिल्तं. मला म्हनाले, ऱ्हाऊ दे, मला तान न्हाई."

इंजिन निवायला बराच वेळ लागला. आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. निघताना मी कठड्यावरचा ग्लास घ्यायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "लांबनं आलेत. पिऊ द्या."