हात पुढे कर

वहिनीचे हात बरे झाल्याची साक्ष सगळ्या मंडळीने ऐकली होती, आणि म्हणूनच ते पुन्हा फुटल्याचं तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

लाँड्रीत सगळेच तिला वहिनी म्हणत. तिचा दीर तिथे बॉयलरवर होता. तो म्हणायचा म्हणून बाकीचे म्हणायला लागले, आणि आता वयाने मोठ्या सुपरवायझर बाईही वहिनीच म्हणत. तिचं काम डागांच्या हौदावर. हॉस्पिटलांच्या चादरी यंत्रात जाण्याआधी या हौदात पडत, आणि जे डाग यंत्राला दाद देत नाहीत ते बायका ब्लीचच्या पाण्यात हाताने चोळून काढत. रबरी मोजे मिळत, पण बोटांच्या टोकाशी आधीच चिरलेले. आत शिरलेलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नसे. त्यापेक्षा उघडे हात बरे, यावर हौदावरच्या बायकांचं एकमत होतं.

रविवारी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमे. पास्टर आठवडाभर गाद्या शिवत आणि रविवारी उपदेश गात. सुरुवात साध्या बोलण्याने, दारात उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग एखादं वाक्य जरा लांबे, त्याला सूर चिकटे, गिटारवाला तो सूर धरे, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कुणाला कळत नसे. ओळ संपली की पास्टर श्वासाला थांबत. ती जागा वहिनीची. ती पालुपद उचले, तिच्यामागून सगळ्या बायका उचलत. तेवढ्यात पास्टरांना दम मिळे आणि ऐकणाऱ्यांच्या पोटात शब्द उतरे. असा उपदेश ज्याने एकदा ऐकला त्याला कोरडं व्याख्यान पुन्हा गोड लागत नाही.

"अर्धा उपदेश वहिनीचा," पास्टर म्हणत. "चुका तेवढ्या माझ्या."

हे सगळं सुरू झालं ते तिच्या नवऱ्यामुळे. तो रंगारी. घरं रंगवायचा आणि मजुरी पिऊन टाकायचा. एका संध्याकाळी तो तर्र होऊन हॉलमध्ये चढला, बायकोला ओढून न्यायला. पास्टरांनी त्याच्या डोक्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातात वहिनीचे फुटलेले हात घेतले आणि दोघांसाठी एकच प्रार्थना केली. नवरा खाली बसला तो लहान मुलासारखा रडत राहिला. त्या दिवसापासून त्याने थेंब घेतला नाही. आणि काही दिवसांत वहिनीचे हातही भरून आले. तिने उभं राहून साक्ष दिली, बायका रडल्या, पास्टरांनी डोळे पुसले.

त्या दिवसांत हौद गळत होता, दुरुस्ती चालू होती आणि तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं होतं, हे सांगायचं राहिलं. तिने लपवलं नाही. तिला ते सुचलंच नाही.

हौद दुरुस्त झाला, ती परत पाण्यात गेली, आणि कातडी बोटांच्या पेरांपासून सुटायला लागली. मंडळीत सगळे मानत की देवाने सांधलेलं उसवत नाही. उसवलं तर विश्वासात कुठेतरी भोक आहे. वहिनीला स्वतःच्या हातांचं काही नव्हतं. पण हात आणि नवरा एकाच प्रार्थनेत, एकाच आमेनने बरे झाले होते. हात उसवले, तर उद्या तोही उसवेल. रोज संध्याकाळी जिन्यावर त्याचं पाऊल सरळ पडतंय का, हे ती श्वास धरून ऐकायची.

आणि आता दीर हात धुऊन मागे लागला होता. त्याला लाँड्रीत मोशे म्हणत, कारण त्याच्या दर दुसऱ्या वाक्यात मिसर देश आणि तिथल्या गुलामांना सोडवून नेणारा बायबलातला मोशे यायचा. शाळेच्या रिकाम्या वर्गात म्हातारे फादर कामगारांना घेऊन बायबल वाचत बसत, तिथून तो हे सगळं घेऊन यायचा.

"वहिनी, सोमवारी कामगार खात्याचा अधिकारी येतोय. हात दाखवायचे."

"माझे बरे झालेत, भावजी."

"मग आता हे मोजे कशाला घातलेत? काढा बघू."

"तुम्ही तुमचा बॉयलर बघा."

"बघतोच आहे. हौदाच्या पाण्याबद्दल आपण केलेल्या अर्जाला ऑफिसने काय उत्तर दिलं ठाऊक आहे? म्हणे, हौदावरच्या एका बाईचे हात आपोआप बरे झाले, सबब पाण्यात दोष नाही. सुपरवायझर बाई तुमच्याच मंडळीतल्या, त्यांनी तुमची साक्ष तिकडे पोचवली. देवाची करणी मालकाच्या फाइलला लागली, वहिनी!"

हे तिला नवीन होतं. तिने हातातली चादर उगाचच पुन्हा पिळली.

"तुमचे पास्टर म्हणतात जीव वाचला की तारण झालं," मोशे म्हणाला. "जीव काय हवेत लटकतो? त्याला हात असतात. देवाने गुलामांना मिसरातून काढलं ते नुसतं मनातून नाही काढलं. पायांनी काढलं, पोराबाळांसकट, गुराढोरांसकट."

"आणि तुमच्या फादरांच्या हिशेबाने हौद सुधारला की माणूस तरला. तुमच्या भावाला गटारातून कुठल्या अर्जाने काढलं हो?"

"मी काढायचो. या खांद्यावरून."

"काढायचात. आणि दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच. शेवटचं कुणी काढलं?"

भावाला घरी वाहून आणताना किती वेळा आपल्या पाठीवर ओकारी झाली होती, ते मोशेला चांगलं आठवत होतं. त्या हॉलमध्ये काय घडलं ते त्याच्या कुठल्याच वाक्यात बसत नव्हतं. तो वाफेचा काटा बघायला निघून गेला.

त्या रविवारी पास्टरांनी वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट घेतली. प्रार्थनेच्या घरात तो माणूस कोपऱ्यात बसलेला, हात कपड्यात दडवून. येशू त्याला म्हणाला, ये, सगळ्यांच्या मधे उभा राहा. इथे सूर चढला.

"दडवू नको रे, लाजू नको रे, घरचेच आहेत सारे..." पास्टर थांबले.

"हात पुढे कर," वहिनीने उचललं, "हात पुढे कर!"

आणि सगळ्या मंडळीने गाता गाता दोन्ही हात पुढे केले. दर पालुपदाला तसेच. हॉलभर हात. फक्त वहिनीचे शालीखाली होते. तिचा आवाज सगळ्यांत पुढे आणि हात सगळ्यांत मागे. पास्टरांनी पाहिलं असावं, पण ते पुढच्या ओळीवर होते. घरी जाताना नवरा म्हणाला, "आज थंडी वाजत होती का तुला?" ती "जरा" म्हणाली.

सोमवारी अधिकारी आला. तरुण, नाकाला रुमाल लावलेला, लवकर सुटायची घाई असलेला. सुपरवायझर बाई त्याला थेट हौदापाशी घेऊन आल्या.

"ही आमची वहिनी. हिलाच विचारा. हात फुटले होते, देवाच्या कृपेने बरे झाले. की नाही गं?"

बाई खोटं बोलत नव्हत्या. साक्ष ऐकताना त्याही रडल्या होत्या. वहिनीने मान हलवली, हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. अधिकाऱ्याने कागद उलटला.

तेवढ्यात मोशे बॉयलरकडून आला, घामाने निथळत.

"बरे झाले होते, साहेब, खरं आहे! मी डोळ्यांनी पाहिलेत. हौद बंद होता तोवर बरे होते! या पाण्यात बाई उतरली की कातडी सोलून निघते, आणि या बिचाऱ्या बोलत नाहीत, कारण दुखणं परत आलं म्हटलं की माणसं विश्वासावर बोट ठेवतात. अहो, लाजायचं तर मालकाने, या कशाला लाजतील, या कशाला दडवतील..."

आवाज चढत चढत गेला आणि दम संपला. तो थांबला.

ती थांबायची जागा वहिनीच्या अंगात इतकी भिनलेली होती की डोक्याला काही कळायच्या आत तोंड उघडलं. सकाळपासून चोळता चोळता ती तेच गुणगुणत होती.

"हात पुढे कर," ती गायली. चांगली खणखणीत, वरच्या सुरात.

सुपरवायझर बाई आ वासून बघत राहिल्या. पण हौदावर मंडळीतल्या आणखी बायका होत्या, आणि पालुपद पहिल्यांदा उचललं गेलं की दुसऱ्यांदा काय करायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या गायल्या. गाताना रविवारसारखेच हात पुढे झाले. ओले, लालभडक, पेरांशी फाटलेले. एकीला आपण काय करतोय ते उमगलं आणि तिला हसू फुटलं, पण हात तिने मागे घेतला नाही.

सगळ्यांच्या मधे वहिनीचेही हात होते. मोजे कधी गळून पडले ते तिला ठाऊक नव्हतं.

अधिकाऱ्याने नाकावरचा रुमाल काढला. "हे असं किती दिवस चाललंय?" त्याने विचारलं, आणि या वेळी त्याने सुपरवायझर बाईंना विचारलं नाही. धड मोजे येईपर्यंत हौद बंद ठेवायचा, असं लिहून देऊन तो गेला. ऑफिस ते किती पाळेल, हा प्रश्न वेगळा. मोशेने आनंदाने बॉयलरची शिट्टी वाजवली आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या.

सुपरवायझर बाई पर्स उचलताना एवढंच म्हणाल्या, "पास्टरांच्या कानावर घालायला हवं मला."

संध्याकाळी नवरा वेळेवर आला नाही. वहिनीने पोळ्या झाकून ठेवल्या. मोशे आला, स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. नवऱ्याच्या वाटेवर दारूचं दुकान लागतं, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

"मी बघून येतो, वहिनी."

"नको."

"अहो, पण..."

"तुम्ही वाहून आणलेला नकोय मला, भावजी. त्याचा तो आला पाहिजे."

मोशे खांदे पाडून बसला. मग जिन्यावर पावलं वाजली. वहिनीने श्वास धरला. पावलं दोन माणसांची होती. म्हणजे कुणीतरी धरून आणतंय, हे तिच्या मनात आलं. पण पावलं सरळ होती, दोन्ही.

दारात नवरा होता, हातात मलमाची नळी आणि रंगाऱ्याचे कोपरापर्यंतचे जाड मोजे. मागे पास्टर, सदऱ्याला गादीचा कापूस चिकटलेला.

"लाँड्रीच्या बाईंनी मला रस्त्यात गाठून सगळं सांगितलं," नवरा म्हणाला. "मग मी यांच्याकडे गेलो. म्हटलं, हिचे हात उसवले, मग माझं काय?"

म्हणजे त्यालाही तीच भीती होती.

"मी त्याला विचारलं, आज त्या दुकानावरून कसा आलास?" पास्टर म्हणाले. "म्हणाला, रोज येतो तसा. रोज तिथे देवाचा धावा करतो आणि पलीकडच्या फुटपाथने जातो."

"तू कधी सांगितलं नाहीस," वहिनी नवऱ्याला म्हणाली.

"तुला वाटायचं एकदाच काय ते झालं. म्हटलं, कशाला घाबरवू."

"माझी साक्ष खोटी पडली, पास्टर."

पास्टरांना हे सोपं जात नव्हतं. "खोटी नाही. अर्धी होती. देवाने बरं केलं. मग आपण ते हात परत त्याच पाण्यात घातले. रविवारी उरलेली सांग."

"हेच तर मी म्हणतोय!" मोशे उसळला.

"तू हे म्हणत नाहीस. तू म्हणतोस पाणी बदललं की झालं. तारण येशूच्या रक्ताने होतं, बाबा, मोज्यांनी नाही."

"तारण वरूनच येऊ दे की. पण ते उतरायला खाली जागा नको?"

"हे फादरांनी शिकवलं?"

"नाही, हे माझं."

"बरं आहे," पास्टर म्हणाले, जरा नाखुशीनेच. "सुरात बसवता येईल."

नवऱ्याने तोवर वहिनीला शेजारी बसवून तिचे हात मांडीवर घेतले होते. भिंतीच्या कडा रंगवणारं त्याचं बोट एकेका पेरावरून मलम ओढत होतं, रेष न मोडता. पास्टर गुणगुणायला लागले, ओळ संपली आणि श्वासाला थांबले. वहिनीने तोंड उघडलं, पण मलम झोंबलं आणि शब्द आत राहिला.

तेव्हा मान खाली घालूनच नवऱ्याने पालुपद उचललं. पार बेसूर, पण बरोबर जागेवर.