आधी विरोधकाची बाजू

राज्यशास्त्राच्या वर्गात सरांचा नियम एकच होता: जे मत खोडायचं, ते आधी असं मांडा की विरोधकानेही मान डोलवावी. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला मत आलं, ‘रस्त्यासाठी घरं पाडणं न्याय्य आहे.’ तिचंच घर गेल्या महिन्यात पाडलं होतं. दातओठ खात तिने ते इतकं चोख मांडलं की सगळा वर्ग माना डोलवू लागला.

“वा, पोरी. पटलंच बघ,” म्हणत सरांनी पुस्तकं आवरली. “खंडन पुढच्या तासाला.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दारात आडवी उभी राहिली.

“हा कीर्तनातला नुसता पूर्वरंग झाला, सर. उत्तररंग ऐकल्याशिवाय उठायचं नसतं. बसा.”

सर बसले, आणि तिने आईच्या फुटलेल्या ओट्यापासून सुरुवात केली.