सरकत्या दारांचं कपाट

मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झालं आणि बळवंतरावांची बदली उज्जैनहून भोपाळला झाली. तिथल्या क्वार्टरला एकच खोली होती. साइडबोर्ड मावणार नाही म्हणून त्यांनी तो शेजारच्या श्रीपादरावांना देऊ केला. बुटकं, बारीक तिरप्या पायांचं, सरकत्या दारांचं ते सागवानी कपाट त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी, हौसेनं करवून घेतलं होतं. त्या वारल्याला आता वर्ष होत आलं होतं.

श्रीपादराव कपाटाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "हे पिवळे डाग कसले हो?"

"हळद आहे. दर दसऱ्याला ती याची पूजा करायची. मी म्हणायचो, अगं, पूजा हत्यारांची करतात, कपाटाची नाही. तर म्हणे, हेही घरात राबतंच की. तुमच्यापेक्षा जास्त."

श्रीपादराव हसले. "फिकर नका करू. मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घेतो. एकदम साफ होईल."

बळवंतरावांनी त्या डागांवर तळहात ठेवला.

"श्रीपादराव, तुम्ही असं करा, माझी खाट न्या."

"अन् तुम्ही झोपणार कशावर?"

"चटईवर. कपाटापुढे तेवढी जागा निघेल."