लाकडी पायातलं ब्लॉकेज

माणसानं बायकोपासून काही लपवायचंच असेल, तर निदान गिऱ्हाइकाच्या बुटात लपवू नये. बुटांच्या कारखान्याची मालकीण थोरली, तिचा राग तिथून पेटला. सकाळी एका गिऱ्हाइकानं नवा बूट पायात सरकवला आणि ‘आई गं!’ करत एका पायावर नाचला. बूट उपडा केला, तर आतून गोळ्या घरंगळल्या. थोरलीच्या नवऱ्याच्या, छातीच्या. रोज ऐटीत पाण्याचा पेला मागून घेत होता, आणि गोळी जात होती बुटाच्या चवड्यात!

थोरलीला अक्षरओळख म्हणाल तर सहीपुरती. पण बुटांचा सगळा कारखाना, दोन सुना आणि एक नवरा ती एका भुवईवर चालवी. ती तडक गल्लीच्या टोकाच्या गोदामाकडे निघाली. स्वारी कुठं असणार, हे तिला ठाऊक होतं.

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीपुढं पाण्याचा टब, टबात पाय. मधून टबमहाराज फिरत होते.

“हृदय म्हणजे काय?” महाराज गरजले. “मोरी! मोरी तुंबली की आपण काय करतो? खालून मोकळी करतो. मग हृदयाच्या खाली काय?”

“पाय!” गर्दी ओरडली.

“पाय! एवढी साधी गोष्ट, पण डॉक्टरांना कळते का?”

महाराजांनी टबात चिमूटभर ‘सिद्ध मीठ’ टाकलं, वायर लावलेली एक काळी डबी सोडली आणि बटण दाबून डोळे मिटले. नितळ पाणी आधी पिवळं झालं, मग विटकरी, मग चहासारखं, वर फेस. टाळ्यांचा कडकडाट!

“अगं, बघ, बघ!” पहिल्याच खुर्चीतून नवरा ओरडला. “पस्तीस टक्के निघालं आज! उद्या दवाखान्यात जायची गरजच नाही, महाराज म्हणाले.”

डॉक्टरीणबाईंनी त्याला ‘ब्लॉकेज’ आहे असं सांगितल्यापासून गल्लीला त्या शब्दाचं वेडच लागलं होतं. धोब्याचा नळ तुंबला, ब्लॉकेज. शिंप्याच्या सुईत दोरा जाईना, ब्लॉकेज. शेजारीण सुनेवर चिडली की म्हणे, हिच्या डोक्यातच ब्लॉकेज आहे. बायका तर नवऱ्यांचे टक्के परीक्षेतल्या मार्कांसारखे सांगत. “यांचं चाळीस.” “चाळीसच? आमच्याकडे सत्तर!” की चाळीसवालीचं तोंड एवढंसं.

थोरलीला मात्र हसू येत नव्हतं. नवरा जिन्यात अर्ध्यावर थांबे, छातीवर हात ठेवी आणि म्हणे, “थांब, भिंतीवरची पाल बघतोय.” पाल नसे. उद्या सकाळी तपासणी होती, आणि हा गडी टबात पाय घालून खुशीत डोलत होता.

ती वाकली. फेसाचा वास घेतला. कारखान्यात खिळ्यांचा डबा भिजून गंजला की येतो, तोच वास! ती तशीच मागं वळली. थोरली गप्प बसली की सुना भांडी आवरून ठेवत. महाराजांना हे कोण सांगणार?

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. “बाई, ब्लॉकेज म्हणजे नक्की काय? पायातून गळतं का ते?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात. त्यांच्या अस्तराखाली चरबी साचत जाते, वाट अरुंद होते. ते म्हणजे नळीत अडकलेला बोळा नव्हे, ते नळीच्या भिंतीतच असतं.”

“म्हणजे बुटाच्या अस्तराखाली गोंदाचा गोळा राहिला तर!” थोरली म्हणाली. “बूट आतून आवळतो. कितीही उपडा करून आपटा, गोळा पडत नाही.”

“अगदी तसंच! गोळ्यांनी ते वाढणं मंदावतं, रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो. वाट फारच अरुंद झाली असेल तर आम्ही ती रुंद करतो. पण आधी आत बघायला तर हवं.”

“संध्याकाळी गोदामात या,” थोरली म्हणाली. “गंमत दाखवते.”

संध्याकाळी थोरली महाराजांपुढच्या एका खुर्चीत बसली. मांडीवरून खालपर्यंत जाड शाल, टबात मोजे घातलेले दोन पाय.

“मोजे, माई?”

“गारठा सोसत नाही हो महाराज. शक्ती मोज्यातून जात नाही का?”

“शक्ती भिंतीतून जाते!” महाराजांनी मीठ टाकलं, डबी सोडली, बटण दाबलं. पाणी पिवळं, विटकरी, चहासारखं. महाराज दचकले. “अरे बापरे! नव्वद टक्के! माई, तू जिवंत कशी?”

“बघा!” पलीकडे पुन्हा टबात पाय घालून बसलेला नवरा शेजाऱ्याला हळूच कुजबुजला. “मी म्हणतच होतो, हिच्यात काहीतरी आहे.”

“हा काळा गाळ रागाचा,” महाराज फेस दाखवत म्हणाले, “आणि हा तांबडा जिभेचा.”

“अगदी खरं,” थोरली म्हणाली आणि उठली. शाल बाजूला सारून दोन्ही पायांवर खणखणीत चालत नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. तिचे पाय कोरडे होते. टबातले दोन पाय टबातच राहिले आणि हळूच आडवे होऊन तरंगू लागले.

मग थोरलीनं त्या पायांवरचे मोजे ओढून काढले. गुडघ्यापर्यंतच्या बुटांना आकार द्यायला कारखान्यात असतात, ते लाकडी पाय! आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं गोदाम खुर्च्यांसकट गदगदलं. सत्तरवाली तर चाळीसवालीच्या गळ्यात पडून हसत होती.

“लाकडातही जीव असतो, माई,” महाराज घाम पुसत म्हणाले.

“असू दे. मग त्याचं हृदय दाखवा, कुठंय ते!”

डॉक्टरीणबाई पुढं झाल्या. त्यांनी बटण बंद करून डबी उचलली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. त्यांनी नवं पाणी घेतलं, मीठ टाकलं, डबी सोडली, बटण दाबलं. पाय कुणाचाच नाही, लाकडाचासुद्धा नाही. पाणी चहासारखं!

“मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज सुटतो,” त्या म्हणाल्या. “हा गाळ डबीचा आहे, तुमचा नाही. कुणी काही दाखवलं तर एवढंच विचारा: हे माझ्यावाचूनही घडतं का? आणि विचारू देत नसेल, तर तिथून उठा.”

लोक महाराजांकडे वळले. महाराज मागच्या दारानं कधीच पसार झाले होते.

नवरा मात्र टबात पाय घालून तसाच बसला होता, मान खाली. थोरलीनं त्याच्यापुढं टॉवेल टाकला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अहो, पाय पुसा. ज्या औषधानं लाकूडसुद्धा बरं होतं, त्यानं माणूस बरा होत नसतो. गोळी आजपासून माझ्यासमोर गिळायची, जीभ उचलून दाखवायची. गाळ तर तुमचा न् लाकडाचा सारखाच निघाला; दोघांपैकी हृदय कुणाला आहे, ते उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना बघू द्या!”