पोथीतला नाग

मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नसायची. पोथीबाबांनी जुनी हस्तलिखित पोथी उघडली की बाया हात जोडायच्या, बापये टोप्या काढायचे. पानापानावर जनावरं रंगवलेली. हत्ती, हरणं, माणसासारख्या मिशांचा वाघ. काढणाऱ्यानं बहुधा वाघ पाहिलाच नव्हता, पण हात मोठा गोड होता त्याचा. मी परंड्याजवळच्या या गावात चित्रकला शिकवतो, म्हणून सांगतो.

"ह्यो वाघ रातच्याला पानातनं उतरून पाणी प्यायला जातो," बाबा सांगायचे.

"आणि मिशा कशानं पुसतो?" मी एकदा विचारलं. लोक माझ्यावरच डाफरले.

खरी ख्याती होती नागाची. साप चावलेला हात बाबा तांब्यातल्या तीर्थानं धुवायचे आणि ओलाच चित्रातल्या नागावर टेकवायचे. हळदीनं माखलेला पिवळा नाग बघता बघता लालभडक व्हायचा. "प्याला! इख प्याला!" बाबा ओरडायचे. बिनविषारी साप चावलेले लोक चालत घरी जायचे आणि बाबांचा डंका पंचक्रोशीत वाजायचा.

त्या दिवशी पारावर लक्ष्मीबाई होती. सोयाबीन काढताना तिच्या हाताला नाग डसला होता. कळताच मी शाळेतून धावत गेलो. पोथीतला नाग लाल झाला होता, लोक जयजयकार करत होते आणि लक्ष्मीबाईच्या पापण्या मिटत होत्या.

"इख उतरलं, सर. आता झोप लागायली तिला," तिचा नवरा बलभीम आनंदानं म्हणाला.

"झोप नाही बलभीमराव, विष चढतंय! उचला तिला. मुजीबची जीप बोलवा!"

"खबरदार!" बाबा गरजले. "हिला हलवली तर नाग पलटंल!"

बलभीमचे पुढं झालेले हात तिथंच थबकले.

वाद घालायला वेळ नव्हता. खिशातला कागद काढला, पूजेच्या ताटातली ओली हळद बोटावर घेतली आणि एक गाढव काढलं. बाबांचा तांब्या हिसकावून त्यावर ओतला. गाढव लालभडक झालं.

"बघा, गाढवपण विष प्यालं! तीर्थ कसलं, चुन्याची निवळी आहे ही. हळदीवर पडली की लालच होणार!"

"आगं बया," मागून एक म्हातारी म्हणाली, "ही तर कुकवाची रीत. हळदीत चुना घालूनच आमी कुकू करायचो की!"

घराघरात ठाऊक असलेली गोष्ट, पण पोथीपुढं कुणाला आठवली नव्हती. कुणी हसलं नाही. बलभीमनं बायकोला उचललं, मुजीबनं जीप पळवली. परंडा दिसायला लागलं आणि तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी खूप धडपड केली. शेवटी म्हणाले, "औषध इथंच होतं हो. थोडं आधी आणायचं होतं."

बाबाला पोलिसांनी नेलं. त्या पोथीचा मला आजही राग येत नाही. चितार्‍यानं नाग बघण्यासाठी काढला होता, विष उतरवायला नाही. त्याच्यावर हळद फासली ती बाबानं.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बलभीम बसला होता. मला म्हणाला, "सर, त्ये गाढव जरा आधी काढायचं हुतं वो."

म्हणून आता मी कुणाला साप चावायची वाट बघत नाही. गावोगावच्या शाळांत जातो आणि आधीच गाढव काढतो. चमत्कार दिसला की तो कसा झाला ते विचारा. आणि साप चावला तर चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. लक्ष्मीबाईला तेवढंच हवं होतं.